ओळीत न बसणारे खड्डे

जळगाव जिल्ह्यातील केळीखालचे क्षेत्र उपग्रहाच्या छायाचित्रांवरून मोजण्याचे काम मी काही वर्षे केले आहे. युद्धात सापडलेल्या वारसास्थळांच्या नुकसानीची नोंद करण्याचे प्रशिक्षण सुरू झाले, तेव्हा पहिल्याच दिवशी जागेचे नाव न सांगता माझ्यापुढे दोन छायाचित्रे ठेवण्यात आली: एक जुलै २०११ मधले, दुसरे एप्रिल २०१२ मधले. पहिल्यात उन्हाने करपलेले रान आणि त्यातून उत्तर-दक्षिण गेलेला सरळ रस्ता होता. दुसऱ्यात त्याच रानातील वसंतातल्या हिरवळीवर असंख्य फिकट ठिपके उमटले होते. मी लिहिले, ‘नवी फळबाग.’

सरांनी एवढेच विचारले, “मॅडम, ओळी कुठे आहेत?”

ओळी नव्हत्या. रावेर-यावलकडचा शेतकरी दोरी धरून लागवड करतो. इथे ठिपके एकमेकांना खेटून, कुठे एकमेकांत घुसून बसले होते. शिवाय मला ते उंचवटे वाटत होते. उत्तर वर ठेवलेल्या छायाचित्रात ऊन खालून येते, आणि प्रकाश वरूनच येतो असे धरून चालणाऱ्या डोळ्यांना अशा वेळी खड्डा ढिगासारखा दिसतो. सरांनी छायाचित्र उलटे फिरवले आणि क्षणात साऱ्या ढिगांचे खड्डे झाले; प्रत्येकाच्या पोटात काळी सावली आणि काठावर उपसलेल्या मातीचे कडे.

ती जागा म्हणजे सीरियातील ओरोंतेस नदीकाठचे आपामिया, आणि तो रस्ता म्हणजे जवळजवळ दोन किलोमीटर लांबीचा, दुतर्फा स्तंभ असलेला तिथला प्राचीन राजमार्ग. २०११ मध्ये संघर्ष पेटल्यावर विकता येतील अशा वस्तूंसाठी हे नगर खणून काढले गेले होते. मला प्रकाशे आठवले. तापी-गोमाईच्या संगमावरच्या त्या गावातल्या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडात, १९५५ मध्ये झालेल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगापासूनच्या वस्त्या थरावर थर अशा वाचता आल्या, त्या केवळ थर जागेवर होते म्हणून. आपामियातून गेलेले एखादे नाणे उद्या सापडलेच, तरी ते कोणत्या थरात, कोणत्या घरात होते हे आता कोणालाही सांगता येणार नाही, आणि मला ही हानी एखादी मूर्ती फुटण्यापेक्षा मोठी वाटते.

नोंद करताना मात्र हात आवरावा लागतो. सीरियातल्याच पाल्मिरा या प्राचीन नगरातील बेल देवाचे मंदिर ऑगस्ट २०१५ मध्ये पाडले गेले, तेव्हा काही दिवसांच्या अंतराची छायाचित्रे हाती असल्याने विध्वंसाची खात्री लगेच करता आली. इथे मधले साडेआठ महिने कोरे होते. जमिनीवरचे दहा मीटर एकाच ठिपक्यात (पिक्सेलमध्ये) दाखवणाऱ्या मोफत छायाचित्रांत तर हे खड्डे वेगळे दिसलेच नसते. संध्याकाळपर्यंत मी राजमार्गालगतचा एकच चौकोन पुरा केला. प्रत्येक खड्ड्यापुढे ‘जुलै २०११ नंतर, एप्रिल २०१२ पूर्वी’ असे लिहिले, आणि ‘कोणी खणले’ हा रकाना रिकामा ठेवला.