विश्वस्त दमले की सभा थांबते

आयसीयूबाहेर दोन रात्री काढलेल्या पुणेकराला जीसीएस, म्हणजे रुग्ण किती शुद्धीवर आहे ते मोजणारा ‘ग्लासगो कोमा स्केल’, वेगळा सांगावा लागत नाही. डॉक्टर बाहेर आले की पहिला प्रश्न तोच, ‘आज किती आहे?’ 3 ते 15 मधला हा आकडा देणारी मोजपट्टी 1974 साली ग्लासगोमध्ये तयार झाली आणि आपल्याकडे इतकी रुजली की वॉर्डातल्या मावशीही तो आकडा बोलतात. त्यापुढचं मात्र आलं नाही. आकडा 15 झाला, डिस्चार्ज मिळाला, माणूस घरी आला. तो बायकोला ओळखतो, पण गॅस चालू ठेवून झोपतो, दुपारी दोननंतर त्याला शब्द सापडत नाहीत आणि सकाळी कोणी उठवलं नाही तर तसाच बसून राहतो. घरचे म्हणतात, ‘आळशी झालाय.’ मेंदूच्या पुढच्या भागाला मार लागला की काम सुरू करण्याची कळच बिघडते, हे घरच्यांना सांगायला कोणीच नसतं.

इथे ब्रिटनमध्ये ते सांगायला हेडवे आहे. मेंदूला दुखापत झालेल्यांसाठी 1979 पासून चालणारी संस्था, मुख्य कचेरी नॉटिंगहॅमला. तिच्याशी जोडलेले बरेच गावोगावचे गट स्वतंत्र नोंदणीचे आहेत, त्यांचे विश्वस्त वेगळे, हिशेब वेगळे. अशा स्थानिक संस्था चालवणाऱ्यांबद्दल लिहायचं कारण त्यांच्या सभा. पुण्यात जन्म काढलेल्या माणसाने संस्थांच्या सभा कमी पाहिलेल्या नसतात, पण अशी सभा पाहिलेली नसते. इथे मेंदूला मार लागलेली माणसं स्वतः विश्वस्त असतात आणि सभेची घडी त्यांच्या मेंदूला झेपेल अशी बसवलेली असते.

वेळेपासून सुरुवात. सभा सकाळी, 11 ते साडेबारा. आपल्यासारखी ऑफिस सुटल्यावर साडेसहाची नाही, कारण तोपर्यंत या मंडळींची दिवसभराच्या ताकदीची शिदोरी संपलेली असते. हा थकवा झोपून जात नाही. विषयपत्रिका आठवडाभर आधी घरी येते, मोठ्या अक्षरात, एका पानावर एकच विषय. पानाच्या पहिल्या ओळीतच लिहिलेलं असतं की हे नुसतं माहितीसाठी आहे की यावर निर्णय हवाय. विषय चारच. दोन झाले की 15 मिनिटं सुट्टी आणि त्यात कामाचं बोलायचं नाही. चहा तेव्हाच, कारण चर्चा चालू असताना कपबशांचा आवाज, फरफरणारी ट्यूबलाइट आणि शेजारच्यांची कुजबुज यातलं काय ऐकायचं आणि काय सोडायचं हे निवडणंच त्यांना जमत नसतं. निरोगी मेंदू ही चाळणी फुकट लावतो.

अध्यक्षांचं खरं कसब गप्प बसण्यात. प्रश्न विचारला की मनात दहा आकडे मोजायचे. समोरच्याचं वाक्य आपण पूर्ण करायचं नाही. (हा नियम आपल्याकडे लावला तर निम्म्या कार्यकारिण्यांना करण्यासारखं काही उरणार नाही.) प्रत्येक विषयानंतर ठराव एका वाक्यात फळ्यावर, कोण करणार आणि कधीपर्यंत यासकट. इतिवृत्त दोन दिवसांत हातात. पुढच्या सभेत ‘मागील इतिवृत्त वाचून कायम करणे’ इथे चालतच नाही, महिन्याभरात आठवण पुसलेली असते.

बिघडतंही बरंच. एखादा सभासद पार्किंगच्या मुद्द्यावर अडकतो आणि फिरून फिरून तिथेच येतो. त्यासाठी भिंतीवर ‘नंतर’ असं लिहिलेला कागद लावतात आणि मुद्दा तिथे टिपतात. उपाय चांगला, पण शेवटी तो कागद खरोखर उघडला नाही तर पुढच्या वेळी कोणी विश्वास ठेवत नाही. कोणी भलतंच बोलून जातो. तेव्हा हसायचं नाही, रागवायचंही नाही, ‘हे इथे नको’ एवढंच म्हणून पुढे जायचं. सगळ्यांत अवघड म्हणजे आत्मविश्वासाने सांगितलेली न घडलेली गोष्ट. ‘कौन्सिलच्या (म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या) बाईंनी अनुदानाला हो म्हटलंय’ असं कोणी ठामपणे सांगतो, आणि तो खोटं बोलत नसतो. आठवणीत पडलेलं भोक मेंदूने स्वतःच बुजवलेलं असतं. म्हणून नियम असा की कागद समोर असल्याशिवाय पैशाचा ठराव होत नाही आणि प्रत्येक पेमेंटला दोन मंजुऱ्या लागतात. नियम सगळ्यांना सारखा, म्हणजे कोणा एकाकडे बोट दाखवल्यासारखं होत नाही. मेंदूला मार लागलेले विश्वस्त निदान दोन घ्यायचे. एकटा असला की त्याला नुसतं देव्हाऱ्यात बसवलं जातं.

यामागे कायदाही आहे. 2005 च्या मेंटल कपॅसिटी अॅक्टनुसार माणूस स्वतःचा निर्णय घेऊ शकतो असंच धरून चालायचं, आणि एखादा निर्णय शहाणपणाचा वाटला नाही म्हणून त्याला अक्षम ठरवायचं नाही. विश्वस्तपदाला सहसा मानधन नाही, खर्च तेवढा मिळतो. वर्षाचा अहवाल आणि हिशेब चॅरिटी कमिशनकडे, म्हणजे इथल्या धर्मादाय आयुक्तालयाकडे, आर्थिक वर्ष संपल्यापासून दहा महिन्यांत द्यायचा, उशीर झाला तर तो नोंदवहीत कोणालाही घरबसल्या दिसतो. विश्वस्त बदलले की धर्मादाय आयुक्तांकडे द्यायच्या चेंज रिपोर्टच्या तारखा सांभाळणाऱ्या आपल्या कोषाध्यक्षांना यातलं दुःख कळेल. आणि करदात्याने पाउंड दिला की गिफ्ट एडमधून सरकार वर 25 पेन्स देतं, हे वाचून त्यांना हेवाही वाटेल. तरी पैशाची ओढाताण आहेच. एका कौन्सिलच्या कंत्राटावर उभी असलेली संस्था ते कंत्राट संपलं की कोलमडते.

आता कोणी म्हणेल, तिकडे घरचं कोणी बघत नाही म्हणून संस्था लागतात. त्यात तथ्य आहे. आपल्याकडे आई, बायको, वहिनी मिळून जे ओढून नेतात त्याला इथे पगारी माणूस लागतो. आणि पुण्याला हे जमत नाही असंही नाही. पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, स्किझोफ्रेनियासाठी काम करणारी मंडळी आहेत, दोन्हींकडे घरच्यांना सामावून घेणारं काम झालंय. डोक्याच्या दुखापतीचं तसं झालं नाही याला एक कारण कायद्यात सापडतं. 2016 च्या दिव्यांग कायद्यातल्या 21 प्रकारांत पार्किन्सन्स नावानिशी आहे, डोक्याला मार लागून आलेलं अपंगत्व तसं नाही. ते हातपाय, वाचा किंवा इतर कशात तरी बसवून घ्यावं लागतं. हातपाय धड असलेला, नुसता विसरणारा माणूस बसवायचा कुठे? हेल्मेटसक्तीविरुद्ध कृती समिती काढणाऱ्या गावाने या प्रश्नावर एखादी समिती काढायला हरकत नव्हती. हा टोमणा घरच्या माणसाचा आहे, बाहेरच्याने मारला तर भांडण होईल.

उचलून न्यावी अशी एक गोष्ट आहे ती कार्ड. हेडवेने 2017 साली मेंदूच्या दुखापतीचं ओळखपत्र आणलं. त्यावर फोटो आणि त्या माणसाला नेमका काय त्रास होतो त्याच्या दोन-चार ओळी. दुखापतीची खात्री करूनच ते देतात. मुळात ते पोलिसांसाठी आहे, कारण झोकांड्या जाणारा आणि जड जिभेने बोलणारा माणूस कुठल्याही देशात पिऊन आलेलाच समजला जातो. नाकाबंदीच्या रात्री पुण्यात काय होत असेल ते वेगळं सांगायला नको.

मराठीत करायचं तर मजकूर थोडाच हवा. पहिली ओळ, ‘मी प्यायलेलो नाही.’ दुसरी, ‘माझ्या मेंदूला दुखापत झाली आहे.’ तिसरी, ‘एका वेळी एकच प्रश्न विचारा आणि उत्तराला वेळ द्या.’ खाली घरच्यांचा नंबर, ठळक अक्षरात, मागच्या बाजूला नको. कार्ड उलटून दाखवायचं हे त्या क्षणी आठवेलच असं नाही.