तुम्ही विचारलंत म्हणून: पळणं सोडलं का?

भाजी मंडईत, लग्नात, बँकेच्या रांगेत, कुठंही गाठ पडली की हाच प्रश्न. "काकू, पळणं सोडलंत का? फोटो दिसत नाहीत हल्ली." विचारणाऱ्याच्या आवाजात माया असते, म्हणून एकदा नीट सांगते. आठवड्यातून चार पहाटे मी मंगळवार पेठेतून निघते आणि समर्थ मंदिरावरून यवतेश्वरच्या घाटाला लागते. पळणं चालू आहे. फक्त कुणाला कळवत नाही.

साताऱ्यात हिल मॅरेथॉन सुरू झाली ती २०१२ साली. मी तेव्हा ४१ वर्षांची होते. त्या वर्षी रस्त्याकडेला उभी राहून टाळ्या वाजवल्या आणि पुढच्या वर्षी स्वतः २१ किलोमीटर पळाले. घाट चढून कासच्या रस्त्याला लागायचं आणि त्याच घाटानं उतरायचं. घरात कुणी अडवलं नाही, पण कौतुकानं विचारलंही नाही. रात्री मेडल घातलेला फोटो फेसबुकवर टाकला, तर सकाळपर्यंत दोनशे जणांनी शाबासकी दिलेली. चाळिशी उलटेपर्यंत मला असं कुणी शाबास म्हटलं नव्हतं. त्या शाबासकीला मी आजही नावं ठेवणार नाही. तिच्या जोरावर कित्येक हिवाळे पहाटे साडेचारला उठले.

बिनसलं ते पन्नाशीनंतर. पाळी थांबली, झोप तुटक झाली, अंगदुखी दुसऱ्या दिवशी जायची ती चार-चार दिवस राहू लागली. वयाबरोबर हृदयाच्या ठोक्यांची कमाल मर्यादाही खाली येते. एक ढोबळ हिशेब आहे: वयाला ०.७ नं गुणायचं आणि ते २०८ मधून वजा करायचं. ४१ व्या वर्षी माझे १७९ येत होते, आज ५४ व्या वर्षी १७० येतात. म्हणजे तोच घाट त्याच वेगानं चढायचा तर आता जास्त ताण घ्यावा लागतो. या वयात बरंचसं पळणं सोबतच्याशी गप्पा मारता येतील इतकं सावकाश हवं, आणि मधे विश्रांतीचे दिवस जास्त हवेत. हे सगळं मला माहीत होतं.

पण सावकाश पळण्याची नोंद लोकांपुढं टाकायला बरी दिसत नव्हती. स्ट्राव्हावर, म्हणजे पळण्याच्या नोंदी ठेवणाऱ्या आणि इतरांना दाखवणाऱ्या ॲपवर, किलोमीटरला आठ मिनिटं दिसली की कुणीतरी लिहायचं, "तब्येत बरी आहे ना?" ते प्रेमानंच विचारलेलं असायचं, पण मला ते लागायचं. मग दुसऱ्या दिवशी पाय मागत असलेली विश्रांती न देता मी घाटात जोर लावायचे. माझ्या शरीराला जे पळणं हवं होतं, नेमकं तेच मी लपवत होते आणि लपवता येईना म्हणून टाळत होते. शेवटी टाचेमागची शीर इतकी दुखावली, की जिना उतरताना कठडा धरावा लागला.

फिजिओथेरपिस्टनं पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा हळूहळू खाली सोडायचा व्यायाम दिला. रोज, बारा आठवडे. पहिल्या आठवड्यात मी रडले, आणि रडताना लक्षात आलं की मला टाचेचं दुःख नव्हतं. रविवारी टाकायला काही नाही, याचं होतं. ते कळल्यावर फार लाज वाटली. चौथ्या-पाचव्या आठवड्यात मात्र वेगळीच हुरहुर सुरू झाली. घाटातल्या ओल्या गवताचा वास आठवायचा, वळणावरून दिसणारा अजिंक्यतारा आठवायचा, चढ संपताना छातीत होणारी ती धडधड आठवायची. फोन हातात घेऊन ही हुरहुर जात नव्हती. तेव्हा दोन्ही भुका मला पहिल्यांदा निरनिराळ्या दिसल्या.

त्याच दिवसांत कॅनडातल्या एड व्हिटलॉक यांच्याबद्दल वाचलं. २००४ साली, ७३ व्या वर्षी, त्यांनी २ तास ५४ मिनिटं ४८ सेकंदांत मॅरेथॉन पूर्ण केली होती. मला ती वेळ विशेष वाटली नाही असं नाही, पण मनात राहिलं ते दुसरंच: सराव म्हणून हा माणूस घराजवळच्या दफनभूमीत तासन्‌तास सावकाश फेऱ्या मारायचा.

टाच बरी झाल्यावर स्ट्राव्हावरच्या नोंदी फक्त मला दिसतील अशा करून टाकल्या आणि फेसबुक फोनवरून काढलं. पहिले दोन महिने जड गेले. घाट उतरल्यावर हात आपोआप खिशाकडे जायचा.

एक गोष्ट मात्र खरंच हरवली. माझे फोटो बघून कोरेगावच्या एका शिक्षिकेनं पळायला सुरुवात केली होती, तसं तिनं मला कळवलं होतं. असं आणखी कुणी असेल तर ते आता मला कळणार नाही. याचं उत्तर माझ्यापाशी नाही. तिला मी फोन केला आणि आता महिन्यातून एका रविवारी ती साताऱ्याला येते. माझ्याहून वीस वर्षांनी लहान आहे. चढावर तिला पुढं जाऊ देते, ती वळणावर थांबते.

आता एक वही ठेवली आहे. कालच्या तारखेखाली लिहिलंय: टाच शांत. घाटात धुकं. दोनदा थांबले, दुसऱ्यांदा नुसतीच बघत.