तासाला पंचवीस पौंड

मागच्या मंगळवारी एका रिटायर्ड बस ड्रायव्हरनं माझ्या प्रश्नावलीतला एक प्रश्न लाल पेनानं खोडला, आणि त्याचे पैसे आमच्याच प्रोजेक्टनं त्याला दिले. तासाला २५ पौंड. दिवसभर बसवलं असतं तर १५०.

इथली, लंडनची, रीतच आहे ती. सरकारी पैशातून मानसिक आरोग्यावर संशोधन करायचं, तर आजारातून गेलेली माणसं सोबत लागतात, आणि त्यांना फुकटात बोलवायचं नाही. बसभाडं वेगळं. सरकारी भत्ता चालू असेल तर या मानधनापायी तो अडकू नये, याची चौकशी वेगळी. त्याचा फॉर्म भरते कोण? मी. नागपुरात एमए, इथे पीएचडी, आणि माझा पगार तासावर काढला तर पंचविसाच्या जरा खालीच येतो. हे मी भर मीटिंगमध्ये टेबलाखाली मोबाइल धरून काढून पाहिलं.

प्रश्न साधा होता: 'त्रास होत असूनही उपचार का घेतले नाहीत?' ते ड्रायव्हर आजोबा म्हणाले, हा प्रश्न नाही, हा ठपका आहे. 'मदत मागायला गेलात तेव्हा काय झालं' असं विचार. मला रागच आला. घरी येईस्तोवर ट्रेनमध्ये मी मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत होते, आणि तेही अस्सल नागपुरी हिंदीत.

मग अमरावती जिल्ह्यातली एक बाई आठवली. मी लंडनला यायच्या आधी तिकडे सर्व्हे करत होते तेव्हाची. ओट्यावर बसून तूर निवडत होती. तिलाही मी हेच विचारलं होतं. म्हणाली, "गेली होती न ताई. डॉक्टर म्हणे टेन्शन नको घेऊ. ताकदीच्या गोळ्या देल्या." या उत्तरासाठी माझ्या फॉर्मवर चौकटच नव्हती. त्यातल्या त्यात जवळची होती 'जाणीव-जागृतीचा अभाव'. तिथे टिक केली. अशा टिका जमल्या की टक्केवारी होते, टक्केवारीची शिफारस होते, आणि कधीतरी जीआर निघतो: जनजागृती करा. पोस्टरं लागतात. त्या बाईला जाणीव होती हो. अभाव असलाच तर डॉक्टरकडे होता.

पण म्हणून 'परदेशात सगळं भारी' असं लगेच म्हणू नका. ऑफिसात एकीनं नागपूरच्या मनोरुग्णालयाबद्दल फार कळवळून विचारलं, तेव्हा मी तिला ऐकवलं, की बाई, ते १८६४ चं आहे, तुमच्याच राजवटीत उभं राहिलेलं. आणि तुमच्या लंडनच्या बेथलेम मनोरुग्णालयात अठराव्या शतकात लोक पैसे टाकून वेडे बघायला जायचे. (आमच्याकडे ऑटोवाला अजून 'पागलखाना चौक' म्हणतो, हे तेवढं गाळलं.) आपला २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा उपचार हा हक्क मानतो, आणि रुग्णांच्या हक्कांवर लक्ष ठेवणाऱ्या पुनरावलोकन मंडळावर आजारी माणसं, त्यांची काळजी घेणारे किंवा त्यांच्या संस्था यांच्यासाठी दोन जागा ठेवतो. शिवाय आपला 'विश्राम' कार्यक्रम आहेच. अमरावती जिल्ह्यातली ३० गावं, गावातलेच कार्यकर्ते, त्यांच्यामागे समुपदेशक आणि गरजेला मानसोपचारतज्ज्ञ. १८ महिन्यांत डिप्रेशन असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोचणारे ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. २०१७ साली संशोधनाच्या जर्नलमध्ये, लॅन्सेट सायकिअ‍ॅट्रीत छापून आलं. हे मी इथे इतक्यांदा सांगितलंय, की आता लोक माझ्या आधी आकडा म्हणतात.

मग तिथेच राहून का नाही केलं, असं वर्धेचा एक मित्र दर दिवाळीला विचारतो. कारण पैसा इथून येतो, बाबा. तोही ब्रिटनच्या परदेशी मदतीतून. ती २०२१ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्क्यांवरून ०.५ वर आणली, आता २०२७ पर्यंत ०.३ करायचं जाहीर झालंय. म्हणजे दुःख विदर्भाचं, नोकरी लंडनची आणि करार तीन-तीन वर्षांचा. पण २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणातल्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हताच. आपले आकडे कुणीतरी गोळा करायला हवेतच ना? रविवारी रात्री झोप आली नाही की मी स्वतःला हेच सांगते.

आजोबांची गोष्ट आईला फोनवर सांगितली.

"म्हणजे त्यानं तुझी चूक काढली अन् वरून तुम्हीच त्याला पैसे देले? बाप्पा!"

मग थोडं थांबून, "अन् ती दर्यापूरकडची आशाताई? तुला घरोघरी घेऊन फिरायची, आपल्याकडे आंब्याचं लोणचं देऊन गेली होती. तिला किती देत होते?"

चहा-पोहे. शेवटच्या दिवशी साडी. बजेटात तसं हेडच नव्हतं आई, मी म्हणाले. ते खरंही आहे.

"साडी चांगली होती पण," आई म्हणाली. "मीच तर आणली होती सीताबर्डीवरून."