पहिलीचा आश्विन

३ ऑक्टोबर २०२४, गुरुवार

आज घरोघरी घट बसले, वर्गात आम्ही दोन बसवले. गहू मी रात्रीच भिजत घातले होते. माती मुलांनी ओढ्याकाठून आणली, चाळली, खडे वेचले. खडे वेचताना मोजायचे हे त्यांना आता सांगावं लागत नाही. एक कुंडी खिडकीत ठेवली आणि दुसरी कपाटात, दार घट्ट लावून.

मग विचारलं, जास्त उंच कोणता वाढेल? तोंडाने उत्तर दिलं की सगळे पहिल्याच्या मागे जातात, म्हणून प्रत्येकाने डोळे मिटून एकेक खडा टाकायचा ठरलं. खिडकीपुढे ढीग झाला. कपाटापुढे एकच खडा, तोही दुसरीतल्या एकाचा. आमची शाळा दोन शिक्षकी, पहिली-दुसरी एकाच खोलीत बसतात. मला हे आवडतं. पहिलीवाले दुसरीच्या ओढीने पुढे सरकतात.

कपाटात कुंडीला जागा करताना ऋतूंचा छापील तक्ता हाताला लागला. त्यात शरद ऋतूच्या चौकटीत लाल पानं गळणारं झाड आहे. इथे मावळात आश्विनात पानं गळत नाहीत. आमची पानगळ माघ-फाल्गुनात. आत्ता डोंगर हिरवे आहेत, बांधावर सोनकी पिवळी झालीय, ओढ्याचं पाणी तळ दिसेल इतकं निवळलंय आणि भात पोटरीतून बाहेर आलंय. मुलाने डोळ्यांनी पाहिलेलं एक आणि भिंतीवर दुसरंच, असं पहिलीत तरी होऊ नये. तक्ता आतच ठेवला. भिंतीवर चुन्याने एक मोठी चौकट आखलीय, रोज शाळेला येताना जे नवं दिसेल ते तिथे चिकटवायचं किंवा काढायचं.

संध्याकाळी बातमी आली, केंद्राने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. फार बरं वाटलं. माझ्या वर्गात त्या भाषेचा आत्ता कुठे काना-मात्रा सुरू आहे.

७ ऑक्टोबर, सोमवार

भोंडला केला. पाटावर तांदळाने हत्ती काढला, त्याच्याभोवती फेर. मुलगेही धरले. गाण्यांसाठी वरच्या वस्तीवरच्या दोन आज्या आल्या होत्या, त्यांच्या आवाजापुढे आमची टाळी कमी पडली. पहिल्या दिवशी एक गाणं, दुसऱ्या दिवशी दोन, अशी रोज एकाने वाढत जाणारी ही रीत. पहिलीच्या गणिताला याहून चांगली चढती रांग कुठे मिळणार? फळ्यावर एकाखाली दोन, दोनाखाली तीन असे ठिपके देत गेलो आणि जिना झाला.

पण खरा धडा खिरापतीचा. डबा झाकलेला, आत काय ते ओळखायचं, आणि ज्याने आणलंय त्याने फक्त हो किंवा नाही म्हणायचं. गोड आहे का, तिखट आहे का, कुरकुरीत आहे का, शिजवलंय का. एरवी पूर्ण वाक्य बोलायला लाजणारी मुलं आज एकामागून एक प्रश्न विचारत होती. वाटली डाळ ओळखली, खोबरं-साखर डबा हलवल्याबरोबर ओळखली. कातकरी वस्तीवरून येणाऱ्या मुलीच्या डब्यापाशी मात्र सगळे अडकले. गोड? नाही. तिखट? नाही. आंबट? नाही. खारट? नाही. एकजण वैतागून म्हणाला, "बाई, हिच्या डब्याला चवच नाही!" ती तोंडावर हात धरून हसत होती. डब्यात काकडीच्या फोडी होत्या. मग काकडीची चव कशी सांगायची यावर बराच वेळ गेला. "पाण्यासारखी पण चावायला लागते" हे शेवटी सगळ्यांना पटलं. फळ्यावर लिहिलं आणि वह्यांतही उतरवून घेतलं. पहिलीतलं स्वतःचं वाक्य ते.

दुपारी पटांगणावर चतुरांची झुंबड होती. ह्या दिवसांत ते थव्याने येतात. दोरा बांधायला निघालेल्या पोरांना थांबवून सांगितलं की हे वाऱ्यावर स्वार होऊन मालदीवमार्गे समुद्र ओलांडतात, पार आफ्रिकेपर्यंत. "न थांबता? जेवायचं कुठे?" दोरे खिशात गेले. आफ्रिका कुठे ते दाखवायला पृथ्वीचा गोल काढावा लागला, आणि मधल्या निळ्या भागावरून त्यांची बोटं फिरत राहिली.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

उद्या दसरा, म्हणून पाटीपूजन आजच. पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढली. ज्यांचा १ अजून उलटा पडायचा त्यांनीही आज जपून, ओळीत, सारख्या उंचीचे एक काढले. सरावाच्या वहीत पानभर १ काढायला सांगितला तर कंटाळतात. देवीसाठी काढताना जीभ बाहेर येते आणि हात स्थिर होतो.

मग कपाट उघडलं. अंधारातला गहू खिडकीतल्यापेक्षा चांगला चार बोटं उंच! खडा टाकणारा तो दुसरीतला नाचायलाच लागला. पण जवळ आणून पाहिलं तर कपाटातला पिवळा, बारीक, मान टाकलेला, आणि खिडकीतला बुटका पण हिरवागार, ताठ. का असं? बराच वेळ कोणी बोललं नाही. मग एक मुलगी म्हणाली, "ह्याला उजेड मिळंना म्हणून हा हुडकत वर चाललाय." मी एवढंच जोडलं की पानातला हिरवा रंग उजेडातच तयार होतो. घरच्या घटातलं धान पिवळं का असतं, हे उद्या ते टोपीत खोवताना ही मुलं आजोबांना सांगतील.

आपट्याचं पान प्रत्येकी एकच आणायचं, फांदी मोडायची नाही, असं बजावलं होतं. तरी निम्म्यांनी कांचनाचं आणलं. दोन्ही पानं मधून दुभंगलेली, त्यामुळे मोठेही गंडतात. दोन्ही शेजारी ठेवून फरक शोधला. आपट्याचं लहान, जाडसर, लांबीपेक्षा रुंद. कांचनाचं मोठं, पातळ, लांबट. मधल्या शिरेवर घडी घातली की एक बाजू दुसऱ्या बाजूवर नेमकी बसते, हे दोन्हीत सारखं. मग घडी घालून आणखी काय काय जुळतं ते शोधायला सगळे वर्गभर पांगले. रुमाल, वहीचं पान, एकमेकांचे तळहात.

१४ ऑक्टोबर, सोमवार

आज शिवारात गेलो. आमच्याकडे इंद्रायणी भात कापायला अजून वेळ आहे, पण हळवं, म्हणजे लवकर पिकणारं भात तयार झालंय. एका पालकांच्या खाचराची कापणी चालू होती, त्यांनी आनंदाने बोलावलं. बांधावर बसून गळालेल्या लोंब्या वेचल्या, नखाने टरफल काढून आतला दाणा पाहिला. काहींनी तो तिथेच खाल्ला.

जुलैपासून मी दशकाशी झगडतेय. आइसक्रीमच्या काड्या, रबर, मण्यांच्या माळा, सगळं केलं. मुलं दहाचा गठ्ठा बांधतात, पण विचारलं की पुन्हा सोडून एकेक मोजायला लागतात. त्यात आपले आकडे असे की तेवीस म्हणताना तीन आधी ऐकू येतो, म्हणून लिहितात ३२.

आज काड्या मोजताना रबर कमी पडले. कातकरी वस्तीवरच्या त्या मुलीने भाताचीच एक काडी ओलसर करून पीळ दिला, दहांभोवती फिरवून टोक आत खुपसलं आणि म्हणाली, "ही पेंढी झाली." आई-बापाबरोबर कापणीला जाते, तिने हे शेकडो वेळा पाहिलंय. बाकीच्यांनी तिच्याकडून पीळ शिकून घेतला. पंधरा मिनिटांत सगळा वर्ग पेंढ्यांत बोलू लागला. दोन पेंढ्या आणि तीन काड्या, लिहा. सगळ्यांनी २३ लिहिलं, एकानेही ३२ नाही. पेंढी कोणी सोडलीही नाही, कारण बांधलेली पेंढी खळ्यावर जाईपर्यंत सोडत नाहीत हे त्यांना माहीत आहे.

मग एका भरल्या लोंबीचे दाणे मोजायला घेतले, दहा-दहाचे ढीग करत. दहा ढीग झाले तरी दाणे उरले. मी विचारलं, दहा पेंढ्यांना काय म्हणायचं? उत्तर तीन-चार तोंडांतून एकदम आलं, "भारा!" शंभर आमच्या पाठात अजून यायचे आहेत. आज ते डोक्यावर घेऊन आले.

ती मुलगी दिवाळीनंतर जाणार. तिच्या घरचे दरवर्षी वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. म्हणजे तिची पहिली जून ते ऑक्टोबर एवढीच. मला ह्या महिन्याची घाई असते ती तिच्यासाठी. शाळा सुटल्यावर वस्तीवर गेले. आजी मागे राहते, तेव्हा पोरीला तिच्यापाशी ठेवता येईल का, हे विचारलं. आई म्हणाली, "बाई, धाकट्याला कोण बघणार भट्टीवर?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तरी आजी म्हणाली, दिवाळीपर्यंत बघू, बोलू. मी पुन्हा जाणार आहे, पोषण आहार इथे मिळेल आणि दुपारनंतर ती दुसरीच्या मुलींबरोबर वर्गातच थांबेल, हे सांगायला.

नाहीच जमलं तर शिक्षण हमी कार्ड द्यायचं आहे, म्हणजे भट्टीजवळच्या शाळेत तिला थेट बसता येईल. कार्डावर वाचन आणि संख्याज्ञान कुठवर आलंय ते लिहायचं असतं. सोबत एक कागद जोडणार आहे, तिथल्या बाईंसाठी किंवा सरांसाठी: हिला दशक येतो, पण "पेंढी" म्हणून विचारा. आपटा-कांचन ओळखते. काना, मात्रा, वेलांटी झाली, उकार चालू आहे. पहिले चार दिवस बोलणार नाही, पाचव्या दिवशी प्रश्न विचारेल.

उद्यापासून उकार आधी. दिवाळीच्या किल्ल्याची माती आठवडाभराने आणली तरी चालेल.