न दाखवलेली दृश्ये : आवडत्या चित्रपटांच्या यादीची फेरतपासणी

आवडत्या चित्रपटांची यादी अधूनमधून नव्याने मांडण्याची खोड बहुतेक चित्रपटवेड्यांना असते, आणि ती मांडताना सगळा खल कोणाला कितवा क्रमांक द्यायचा यावरच होतो. या टप्प्यात मी क्रमांक काढून टाकले आणि यादीतल्या प्रत्येक चित्रपटाला एकच प्रश्न विचारायचे ठरवले : कथेतली सर्वांत मोठी घटना पडद्यावर दिसते का, आणि दिसत नसेल तर दिग्दर्शकाने तिच्या जागी काय ठेवले आहे? माझ्या यादीच्या वरच्या भागातल्या चित्रपटांत मृत्यू, लग्न किंवा खून थेट फारसा दिसतच नाही, हे लक्षात आल्यावर हा योगायोग आहे की माझ्या आवडीचा मूळ स्वभावच तसा आहे, हे तपासणे भाग होते. पद्धत साधी ठेवली. चित्रपट एकदा सलग पाहायचा, मग निवडलेला भाग पडदा झाकून फक्त ऐकायचा आणि त्यानंतर तोच भाग आवाज बंद करून पाहायचा. पुढच्या नोंदींत कथानकांचे शेवट उघड झाले आहेत, त्यामुळे ज्यांना ते आधी कळायला नको असतील त्यांनी तेवढे परिच्छेद वगळावेत.

सुरुवात यासुजिरो ओझू यांच्या ‘लेट स्प्रिंग’ (१९४९) या चित्रपटापासून केली. कामाकुरात राहणारे विधुर प्राध्यापक सोमिया आणि त्यांना सोडून लग्न करायला तयार नसलेली मुलगी नोरिको, एवढीच कथा आहे. मुलीने नव्या संसाराकडे वळावे म्हणून वडील आपणही दुसरे लग्न करणार असल्याचे तिला भासवतात. संपूर्ण चित्रपट ज्या लग्नाकडे सरकत असतो ते लग्न मात्र ओझू दाखवत नाहीत, आणि त्याहून धाडसाची गोष्ट म्हणजे नवरा मुलगाही एकदाही दाखवत नाहीत. तो हॉलिवूडचा नट गॅरी कूपर याच्यासारखा दिसतो, तेही फक्त तोंडापाशी, एवढे आपल्याला कळते. त्याचे नाव कुमातारो (‘कुमा’ म्हणजे अस्वल) असल्यामुळे त्याला हाक कशी मारावी, याची आत्याबाईंना पडलेली चिंता हा चित्रपटातला सर्वांत खट्याळ प्रसंग आहे. वधूवेषातली नोरिको वरच्या मजल्यावर वडिलांचे आभार मानते, सगळे खाली उतरतात आणि कॅमेरा त्या रिकाम्या खोलीत, आरशापाशी थांबून राहतो. पुढच्याच प्रसंगात वडील नोरिकोच्या मैत्रिणीबरोबर मद्य घेत बसलेले दिसतात, म्हणजे मधला सगळा सोहळा एका कटमध्ये उरकलेला असतो.

आवाज बंद करून हा भाग पाहिला तेव्हा माझ्या ध्यानात आले की, लग्न वगळल्यामुळे चित्रपटाचे केंद्र बिनबोभाट मुलीकडून वडिलांकडे सरकले आहे. सोहळा दाखवला असता तर आपण नोरिकोबरोबर नव्या घरी गेलो असतो. तो न दाखवल्यामुळे आपण वडिलांची भूमिका करणाऱ्या चिशू र्‍यू यांच्याबरोबर जुन्या घरी परततो, ते फळ सोलायला घेतात, साल खाली पडते आणि मान झुकते. बापलेकीच्या क्योतोतल्या मुक्कामात रात्री पडद्यावर दिसणाऱ्या ज्या फुलदाणीवर समीक्षकांनी इतके लिहिले आहे, तिच्याबद्दल माझे मत पूर्वीपेक्षा साधे झाले आहे. ती प्रतीक असो वा नसो, नोरिकोच्या चेहऱ्यावरचे हसू मावळून डोळे भरून येईपर्यंतचा वेळ ओझूंना आपल्यासमोर घालवायचा होता, पण त्या वेळात तिच्या चेहऱ्याकडे पाहत राहणे त्यांना प्रशस्त वाटले नसावे. ‘टोकियो स्टोरी’तही (१९५३) परतीच्या प्रवासात आजीची प्रकृती बिघडल्याची हकीकत ओसाकातल्या मुलाच्या बोलण्यातूनच कळते, आणि अखेरचा क्षण दोन दृश्यांच्या मधल्या फटीत घडून जातो. त्यानंतर आजोबा बाहेर उभे राहून आजचा सूर्योदय सुंदर होता असे म्हणतात, तेव्हा त्या वाक्यावर सगळा भार पडतो. हे दोन्ही चित्रपट यादीत होते तिथेच राहिले, किंबहुना त्यांच्या जागेबद्दल आता शंकाही उरलेली नाही.

रोबेर ब्रेसाँ यांच्या ‘ए मॅन एस्केप्ड’ने (१९५६) मात्र या टप्प्याचा सर्वाधिक वेळ घेतला. जर्मनांच्या ताब्यातल्या ल्यों शहरातील मोंल्यूक तुरुंगातून १९४३ साली निसटलेल्या आंद्रे दव्हिनी यांच्या अनुभवावर तो आधारलेला आहे, आणि शेवट काय होणार हे शीर्षकातच सांगून टाकल्यामुळे उत्कंठेचे नेहमीचे साधन दिग्दर्शकाने स्वतःहून सोडून दिले आहे. पहिल्याच प्रसंगात नायक फोंतेन मोटारीतून उडी टाकून पळतो, पण कॅमेरा त्याच्यामागे जात नाही. तो आसनावरच्या दुसऱ्या कैद्यापाशी बसून राहतो, बाहेर गडबड आणि गोळ्यांचे आवाज होतात, आणि फोंतेनला पुन्हा गाडीत आणून बसवले जाते. हा चित्रपट कसा पाहायचा याचा धडाच ब्रेसाँ इथे घालून देतात. यापुढे जे महत्त्वाचे असेल ते बहुधा चौकटीबाहेर असेल आणि त्याची वर्दी कानाला मिळेल.

शेवटाकडे पहारेकऱ्याला मारण्याचा प्रसंग येतो. फोंतेन भिंतीला पाठ लावून उभा राहतो, आगगाडीचा आवाज मिळेपर्यंत वाट पाहतो, कोपऱ्याआड जातो आणि आपल्यासमोर उरते ती नुसती भिंत. काही क्षणांनी तो परत येतो. हा भाग झाकल्या पडद्यावर ऐकला तर त्यात हत्येचा एकही आवाज नाही, आणि आवाज बंद करून पाहिला तर त्यात हत्येचे एकही चित्र नाही. म्हणजे ती हत्या चित्रपटात कुठेच नाही. ती करण्यापूर्वीचा संकोच आणि नंतरची घाई यांच्यावरून आपण ती रचलेली असते. चमच्याला धार लावून दाराच्या फळ्या सैल करणे, पलंगाची तार आणि अंथरुणाचे कापड वळून दोर करणे, कंदिलाच्या चौकटीचे आकडे बनवणे, ही कामे मात्र ब्रेसाँ हातांच्या जवळच्या चित्रणात इतक्या बारकाव्याने दाखवतात की कारागिराच्या दुकानात बसल्यासारखे वाटते. श्रम दाखवायचे आणि हिंसा झाकायची, ही निवड मला नैतिक वाटते. नायक झालेले फ्रांस्वा लतेरिए व्यावसायिक नट नव्हते, हेही इथे उपयोगी पडते, कारण चेहरा काही सांगायला धडपडत नाही तेव्हा आपले लक्ष हातांवर आणि आवाजांवर टिकते.

ध्वनीच्या बाबतीत ब्रेसाँ यांच्या शेजारी ठेवायचा तो सत्यजित राय यांचा ‘पथेर पांचाली’ (१९५५), जरी दोघांची वाट अगदी उलटी आहे. घरचा कर्ता हरिहर दूरगावाहून परत येतो, आणलेल्या वस्तू एकेक करून दाखवतो आणि मुलगी दुर्गा हिच्यासाठी आणलेली साडी पत्नी सर्वजयाच्या हाती देतो. दुर्गा गेल्याचे शब्दांत कोणीच सांगत नाही. सर्वजयाचा बांध फुटतो तेव्हा तिचा आवाज काढून घेतलेला आहे आणि त्याच्या जागी तारशहनाई या तंतुवाद्यावर पटदीप रागाचे चढे सूर आहेत. नुसते ऐकल्यास ते रविशंकर यांनी बांधलेले एक उत्कट वादन ठरते, नुसते पाहिल्यास एका बाईचे असह्य रडणे ठरते. दोन्ही एकत्र आल्यावरच एका घरातला आकांत गावभर पसरल्याचा भास होतो. १९९३ साली लंडनमधल्या प्रयोगशाळेच्या आगीत या चित्रपटापासून सुरू होणाऱ्या अपू चित्रत्रयीच्या मूळ निगेटिव्हचे मोठे नुकसान झाले होते आणि २०१५ मध्ये तिची पुनर्स्थापित प्रत आली. या वेळी तीच पाहिली. दुर्गेने चोरलेला हार तिचा भाऊ अपू तळ्यात फेकतो तेव्हा पाण्यावरचे शेवाळ फाकते आणि पुन्हा मिटते, हे दृश्य या प्रतीत इतके स्पष्ट आहे की बहिणीचे गुपित झाकून टाकण्याचे काम आता तळ्यानेच अंगावर घेतले आहे असे वाटते. ‘अपूर संसार’मध्ये (१९५९) अपूची पत्नी अपर्णा हिचा मृत्यूही निरोपातूनच येतो आणि निरोप आणणाऱ्या तिच्या भावालाच अपू मारतो; तो प्रसंग मला आजही थोडा घाईचा वाटतो, परंतु चित्रत्रयी तोडून यादीत ठेवणे माझ्याच्याने होत नाही.

फ्रित्स लांग यांचा ‘एम’ (१९३१) आणि केंजी मिझोगुची यांचा ‘सान्शो द बेलिफ’ (१९५४) हे दोन्ही चित्रपट मृत्यूच्या जागी वस्तू किंवा खूण ठेवतात. पहिल्यात खून झालेल्या लहान मुलीचा झुडपातून घरंगळत आलेला चेंडू आणि तारांत अडकलेला फुगा, दुसऱ्यात नायकाची बहीण आंजू पाण्यात उतरल्यानंतर तळ्यावर उरलेली वलये. दोन्ही प्रसंग इतके प्रसिद्ध आहेत की त्यांवर अधिक लिहिण्याची गरज नाही. फक्त एक नोंद करतो : लांग यांच्या प्रसंगात चेंडूपेक्षा मला रिकामा जिना आणि जेवणाच्या टेबलावरची रिकामी थाळी अधिक भेदक वाटली, कारण तिथे आईची हाक ऐकू येत राहते आणि तिला उत्तर देणारे कोणी नसते.

चित्रपटात झाकापाक होते ती सेन्सॉरच्या धाकाने, असा एक सोपा समज आहे. त्यावरचा उतारा म्हणून एर्न्स्ट लुबिच यांचा ‘ट्रबल इन पॅराडाइज’ (१९३२) पुन्हा पाहिला. हॉलिवूडची आचारसंहिता काटेकोरपणे लागू झाली ती १९३४ मध्ये, आणि त्यानंतर याच चित्रपटाला पुन्हा प्रदर्शित व्हायची परवानगी मिळाली नाही. म्हणजे बंद दारे आणि घड्याळे यांचा खेळ लुबिच यांनी कोणी हात पिरगाळल्याशिवाय मांडला होता. एक अख्खी संध्याकाळ ते केवळ घड्याळांच्या तबकड्या दाखवून आणि चौकटीबाहेरचे संवाद ऐकवून पार करतात. शोकांतिकेत जे तंत्र भार वाढवते तेच इथे गुदगुल्या करते, आणि माझ्या गंभीर यादीला त्याची फार गरज होती.

मिकेलांजेलो अंतोनिओनी यांचा ‘लाव्हेंतुरा’ (१९६०) यादीत खाली सरकला. लिस्का बियांका बेटावर आन्ना नाहीशी होते आणि तिचे काय झाले हे चित्रपट कधीच सांगत नाही; कान चित्रपट महोत्सवात प्रेक्षकांनी हुर्यो उडवूनही त्याला परीक्षकांचा पुरस्कार मिळाला, हा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. बेटावरचा भाग आजही थरारक आहे, पण उत्तरार्धात आन्नाची अनुपस्थिती हळूहळू विसरली जाते, आणि हा विसर हाच चित्रपटाचा विषय असला तरी तो अनुभवायला मला पूर्वीइतका संयम राहिलेला नाही.

त्याच्या उलट अब्बास किआरोस्तामी वर चढले. ‘व्हेअर इज द फ्रेंड्स हाउस’ (१९८७) या चित्रपटात मित्राची वही परत करायला निघालेला अहमद त्याचे घर शोधू शकत नाही, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात ती वही उघडते तेव्हाच कळते की त्याने मित्राचाही गृहपाठ करून आणला आहे. पुढे १९९० मध्ये ही कथा घडते त्या उत्तर इराणमधल्या भागात भीषण भूकंप झाला. ‘अँड लाइफ गोज ऑन’ (१९९२) या चित्रपटातला दिग्दर्शक आधीच्या चित्रपटात काम केलेल्या मुलांचा शोध घेत फिरतो, पण मुले सापडण्यापूर्वीच चढावर धापा टाकणाऱ्या मोटारीच्या दूरच्या दृश्यावर चित्रपट संपतो. मुले जिवंत असल्याचे प्रेक्षकाला दिसते ते ‘थ्रू द ऑलिव्ह ट्रीज’मध्ये (१९९४), तेही सहज, कुंड्या घेऊन चित्रीकरणाच्या जागी आलेली दोन पोरे म्हणून. एका चित्रपटाने रोखून धरलेले उत्तर दुसऱ्याने जाता जाता द्यावे, असे दुसरे उदाहरण मला माझ्या यादीत आढळले नाही. ज्यांनी हे तीन चित्रपट सुटे पाहिले आहेत त्यांनी ते एकदा क्रमाने पाहावेत, अशी शिफारस आहे.

मोठी घटना झाकलेलीच बरी, या माझ्या सिद्धान्ताला सरळ नकार देणारा चित्रपट घरचाच निघाला. दामले-फत्तेलाल यांच्या ‘संत तुकाराम’मध्ये (१९३६) काहीही झाकलेले नाही, चमत्कार दिसतात, वैकुंठगमन दिसते, आकाशात झेपावणारा गरुडही दिसतो. तरीही मुंबईच्या सेंट्रल चित्रपटगृहात ५७ आठवडे चाललेला हा चित्रपट यादीतून काढावा असे क्षणभरही वाटत नाही, आणि त्याचे कारण मला जिजाईत सापडते. गौरी यांनी उभी केलेली ही खमकी, कष्टाळू बाई समोर असल्यामुळे वैकुंठ आणि चूल एकाच चौकटीत नांदतात, आणि आकाशातल्या देखाव्याचे वजन जमिनीवरूनच मोजले जाते. असा जमिनीचा आधार असेल तर सगळे दाखवूनही चालते, एवढी दुरुस्ती मी वहीत करून ठेवली आहे.

चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ (२०१४) या चित्रपटाला मात्र मी या टप्प्यात सर्वांत वर नेले. वासुदेव पवार हा सफाई कामगार गटारात मरण पावतो आणि लोकशाहीर नारायण कांबळे यांच्या गाण्याने त्याला आत्महत्येस प्रवृत्त केले, असा खटला उभा राहतो. तो मृत्यू आपण पाहत नाही. जबानीत वासुदेवची विधवा सपाट आवाजात सांगते की तो गटारात आधी खडा टाकून झुरळ बाहेर येते का ते पाहायचा, म्हणजे आत हवा आहे की नाही ते समजे. उतरण्यापूर्वी दारू प्यायचा. सुरक्षेची साधने नव्हती. त्यानंतर न्यायाधीश तिच्या म्हणण्याचा आपल्या शब्दांतला गोषवारा टंकलेखकाला सांगतात. एका माणसाचे मरण आधी आठवणीत, मग जबानीत, मग नोंदीत उतरते आणि प्रत्येक पायरीवर आणखी कोरडे होते. मृत्यू दाखवला असता तर ही घसरण जाणवलीच नसती. सुनावणी संपल्यावर दालनातले दिवे मालवले जातात आणि कॅमेरा अंधारात तसाच उभा राहतो, तेव्हा मला ओझूंची रिकामी खोली आठवली. मात्र ओझूंच्या खोलीतून लोक आनंदाच्या प्रसंगाला गेलेले असतात, आणि इथे ते सुट्टीवर गेलेले असतात.

पुढच्या टप्प्यात मूकपट घेणार आहे, कारण तिथे चौकटीबाहेरची घटना कानाने कळवण्याची सोयच नसते. पहिला मान चार्ली चॅप्लिन यांच्या ‘अ वुमन ऑफ पॅरिस’ला (१९२३). त्यात आगगाडी स्थानकात येते ती एडना पर्व्हियन्स यांच्या चेहऱ्यावरून सरकणाऱ्या उजेडाच्या पट्ट्यांतून. लुबिच या चित्रपटाचे चाहते होते, त्यामुळे दोघांचे चित्रपट लागोपाठ पाहून घड्याळांचा तो प्रसंग या उजेडाला किती ऋणी आहे, हे तपासायचे आहे. मूकपटांतली अशी आणखी उदाहरणे ज्यांच्या पाहण्यात असतील त्यांनी ती प्रसंगासह कळवावीत. नुसत्या चित्रपटाच्या नावापेक्षा घटनेच्या जागी नेमके काय ठेवले आहे ते लिहिल्यास तुलना करणे सोपे जाईल.