तुम्ही विचारलंत म्हणून: नवरीनं पायात काय घालावं?

तुळशीचं लग्न लागलं की माझा फोन वाजायला लागतो. कोल्हापुरात माझं चपलांचं छोटं काम आहे आणि बऱ्याच वर्षांपासून मी मुख्यतः लग्नाच्याच ऑर्डरी घेते. कधी मुलगी बोलते, कधी तिची आई, कधी होणारी सासू, पण विचारतात एकच: "ताई, नवरीनं पायात काय घालावं? हिल्स की कोल्हापुरी?" त्यामागोमाग जरा आवाज उतरवून दुसरा प्रश्न येतो, "तसं साडीखाली कुणाला दिसतंय, मग एवढा खर्च कशाला?" कामाच्या गडबडीत मी तुटक काहीतरी सांगते आणि नंतर मलाच चुटपुट लागते. म्हणून आज नीट बसून लिहिते.

आधी दिसण्याचं. लेहंगा असेल किंवा सहावारी शालू घोळदार नेसवला असेल तर चप्पल खरंच झाकते. नऊवारीत मात्र झाकायला जागाच नाही. काष्टा घातला की पाऊल, पैंजण, घोटा सगळं उघडं पडतं, आणि पाटल्या-बांगड्यांइतकीच पायातली वस्तूही फोटोत येते. म्हणून नऊवारी नेसणार असाल तर चपलेचा विचार सगळ्यात शेवटी, मेंदीच्या आदल्या दिवशी बाजारात धावत जाऊन करू नका.

पण दिसण्यापेक्षा मोठी गोष्ट दुसरीच आहे. आपल्या लग्नातले सगळे महत्त्वाचे क्षण नवरी अनवाणी काढते. गौरीहरापाशी बसते ती अनवाणी, आंतरपाटाच्या अलीकडे पाटावर उभी राहते ती अनवाणी, सप्तपदीला तांदळाच्या राशींवर पाऊल ठेवते आणि रात्री माप ओलांडते तेही अनवाणीच. चपलेच्या वाट्याला येतं मधलं सगळं: गाडीपासून मांडवापर्यंतचं चालणं आणि मग संध्याकाळचं रिसेप्शन. म्हणजे पहाटे चारला उठलेली, दिवसभर उभी राहून पाय सुजलेली मुलगी तीन-तीन तास हसतमुखानं स्टेजवर उभी असते, तेव्हा चपलेचं काम सुरू होतं.

आणि तोवर तिच्या पायात एक नवी गोष्ट आलेली असते. जोडवी.

हे मला कुणी शिकवलं नाही, माझ्याच लग्नात कळलं. महिनाभर आधी मी चार इंच हिलची सोनेरी बंद सँडल आणली होती. घरात रोज घालून चालून बघायचे, कुठेही टोचत नव्हती. टोचणार कशी, तेव्हा बोटांत काहीच नव्हतं. लग्नात जोडवी-मासोळ्या चढल्या आणि संध्याकाळी मी तीच सँडल घातली. पुढच्या निमुळत्या टोकात पाचही बोटं एकमेकांवर आवळली गेली आणि जोडव्याची कड शेजारच्या बोटात रुतत राहिली. लॉनवर टाच खाली जात होती, त्यामुळे सगळा भार पुढे, बोटांवरच. रात्री सँडल काढली तर मधल्या बोटाला चीर पडली होती आणि जोडवं सुजलेल्या बोटात अडकून बसलं होतं. दुसऱ्या दिवशी सत्यनारायण. सासूबाई खोबरेल तेल आणि शिवणाचा दोरा घेऊन माझ्या पायाशी खाली बसल्या. मी पाय मागे घेतला तर म्हणाल्या, "थांब गं, बोट आधी." दोरा बोटाभोवती गच्च गुंडाळत, तेल सोडत त्यांनी जोडवं हळूहळू सरकवून काढलं. मला रडू आलं ते दुखण्यापेक्षा संकोचानं.

त्या सँडलमध्ये खोट नव्हती. ती फक्त ज्या पायाच्या बोटांत काही नसतं अशा पायासाठी घडलेली होती. पुढे या कामात पडल्यावर ही टाचेची तऱ्हा आली कुठून, ते मी हौसेनं वाचत गेले.

टाच मुळात बाईची नव्हतीच. इराणचे घोडेस्वार टाचेचे जोडे घालत, कारण रिकिबीत पाय अडकवून उभं राहून बाण मारायचा तर टाच लागते. सतराव्या शतकात ती युरोपात गेली तेव्हाही आधी पुरुषांच्याच पायात गेली. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याचं १७०१ सालचं प्रसिद्ध चित्र बघा, पांढऱ्या जोड्यांना लाल टाचा आहेत. बायकांची उंची वाढवायला व्हेनिसमध्ये त्याच्या कितीतरी आधीपासून चोपीन होत्या, म्हणजे लाकडाच्या किंवा बुचाच्या खांबासारख्या तळाच्या चपला. त्यातली एक जोडी तर जवळजवळ अर्धा मीटर उंच आहे. ती घालून चालायला दासीच्या खांद्यावर हात ठेवावा लागे. माझ्याकडे येणाऱ्या मुली स्टेजच्या पायऱ्या करवलीचा दंड धरून चढतात ना, तसंच.

आता नवरीचं. पांढऱ्या पोशाखातली नवरी जगभर पोचली ती इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीमुळे. १० फेब्रुवारी १८४० ला तिचं लग्न झालं. तिच्या पायात काय होतं? पांढऱ्या सॅटिनच्या साध्या, पूर्ण सपाट स्लिपर आणि त्या बांधायला रिबिनी. इंग्लंडमध्ये जोड्यांसाठी नावाजलेल्या नॉर्दम्प्टन गावाच्या संग्रहालयात त्या आजही आहेत. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर टाच म्हणजे दरबारी तोरा असं झालं होतं, त्यामुळे पुढची पन्नासेक वर्षं बायका सपाटच घालत. हे मी मुद्दाम सांगते, कारण "मुलगी बुटकी आहे हो, हिल्स नसतील तर फोटोत कशी दिसेल?" हे वाक्य मी आयांच्या तोंडून शेकडो वेळा ऐकलंय. व्हिक्टोरियाची उंची जेमतेम पाच फूट होती.

पेन्सिल हील तर अगदी अलीकडची, १९५० च्या दशकातली. टाच एवढी बारीक करून ती मोडू नये म्हणून आत पोलादाची सळी घालायला लागली, तेव्हा ती जमली. नावही स्टिलेटो, म्हणजे इटालियनमध्ये बारीक खंजीर. त्या टाचांनी लाकडी जमिनींना भोकं पडायची. ती लॉनमध्ये रुतणार नाही तर काय होणार? उंची हवीच असेल तर वेज घ्या, म्हणजे टाचेपासून पुढपर्यंत सलग भरीव तळ असलेली चप्पल. तीही इटलीचीच आणि अडचणीतून निघालेली. १९३० च्या दशकात इटलीनं इथिओपियावर हल्ला केल्यावर इतर देशांनी इटलीचा व्यापार आवळला. जोड्याच्या कमानीखाली घालायचं चांगलं पोलाद मिळेना, तेव्हा साल्वातोरे फेरागामो या कारागिरानं टाचेपासून तळव्यापर्यंतची पोकळी बुचानं भरून काढली. भार सगळ्या पावलावर पसरला. मांडवातल्या गालिच्यावर, गवतावर, पायऱ्यांवर सगळीकडे ती चालते. दीड-दोन इंच पुरेत.

आमच्या घरात मात्र बाईच्या चपलेची गोष्ट टाचेपर्यंत पोचतच नाही. माझ्या आजीला पहिली चप्पल मिळाली ती दोन मुलं झाल्यावर. तीही वेशीपर्यंत हातात घेऊन जायची आणि गाव मागे पडलं की पायात घालायची. थोरामोठ्यांसमोरून बाईनं चपला वाजवत जाणं म्हणजे उद्धटपणा. त्याआधीच्या पिढीची तर याहून वाईट गत. काशीबाई कानिटकर आणि आनंदीबाई जोशी पायात बूट घालून, छत्री घेऊन रस्त्यानं निघाल्या तर लोकांनी त्यांच्यावर दगड भिरकावले, अशी स्त्री-चळवळीच्या इतिहासात नोंद आहे. एक कादंबरी लिहिणारी, दुसरी पुढे डॉक्टर झालेली. आजी माझ्या दुकानात येऊन बसायची तेव्हा नव्या चपलांची जोडी उचलून कानाशी वाकवून बघायची. "करकरते का बघते," म्हणायची. आयुष्यभर जो आवाज दाबला, तोच तिला आवडायचा. म्हणून "कुणाला दिसतंय" हे मला अजूनही ऐकवत नाही.

तर कोल्हापुरी. हो, मी तीच सुचवते, आणि माझा धंदा आहे म्हणून नाही. अंगठा स्वतःच्या वेगळ्या पट्टीत बसतो, दुसरं बोट मोकळं राहतं, जोडव्याला हवी तेवढी जागा मिळते. पायाला नुसतं चामडं लागतं, आणि बाभळीची साल नि हिरडा वापरून कमावलेलं ते चामडं तुमच्या पावलाचा आकार घेतं. जुन्या पद्धतीच्या जोडीत खिळा नसतो, तळ चामड्याच्या वादीनंच शिवलेला असतो. तळ कापायचं काम बहुतेक पुरुषांचं, पण वेणी बायकांची. माझ्याकडच्या काकू ओलसर पट्ट्यांची टोकं पायाच्या अंगठ्यात धरतात आणि बोलता बोलता अशी बारीक वेणी घालतात की सांधा सापडत नाही. नवरीच्या जोडीला त्या वेणीत जरीची तार गुंफतो, वर लाल गोंडा. त्या एका वेणीला अर्धा दिवस जातो. खर्च कशाला, याचं उत्तर त्यात आहे. २०१९ साली कोल्हापुरीला जीआय मानांकन मिळालं, म्हणजे ठरावीक भागात बनलेल्या मालालाच ते नाव लावायचा हक्क, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. पण बाजारात त्याच आकाराची रेक्झिनची जोडी मिळतेच. ती पायाचा आकार घेत नाही, घाम धरते आणि पट्टी अंगठ्याला कापते. हातात घेऊन वास घ्या, लगेच कळेल.

नवी कोल्हापुरी लग्नाच्या दिवशीच काढलीत तर तीही चावेल. पंधरा दिवस आधी घ्या, पट्ट्यांना आतून खोबरेल किंवा एरंडेल लावा आणि रोज अर्धा तास घरात घाला. पावसाळ्यातलं लग्न असेल तर चामडं नकोच, जरीच्या कापडाची वेज करून देते.

माप द्यायला संध्याकाळी पाचनंतर या. सकाळचं माप मी घेत नाही, दिवसभरात पाय वाढतो. कागदावर उभं राहून दोन्ही पावलं काढायची, कारण दोन्ही कधीच सारखी नसतात. आणि येताना आईची जोडवी मागून घेऊन या. ती बोटांत घालूनच मी माप घेते.