सायकल खांद्यावर घेऊन तीन डोंगर: यॉर्कशरची थ्री पीक्स सायक्लोक्रॉस

सायक्लोक्रॉसची नेहमीची शर्यत समजायला सोपी असते. एखाद्या बागेत किंवा शेतात दोन-तीन किलोमीटरचा चिखलाचा फेरा आखतात, मध्ये लाकडी फळ्या नाहीतर एखादा जिना टाकतात, आणि पाऊण-एक तास तोच फेरा मारत राहायचा. कुठे सायकल चालवायची, कुठे उचलून पळायचं. इंग्लंडमध्ये पावसाळी शरद ऋतूपासून थंडी भरात येईपर्यंत रविवारी कुठे ना कुठे हे चालू असतंच, आणि लीड्सला राहायला आल्यापासून मीही त्यात ओढली गेले. पण क्लबातली जुनी मंडळी चहा पिताना ज्या शर्यतीबद्दल बोलतात ती ही नव्हे. ती म्हणजे थ्री पीक्स. तिथे फेरे नाहीत. इंगलबरो, व्हर्नसाइड आणि पेनिगेंट हे यॉर्कशर डेल्स या उत्तर इंग्लंडातल्या डोंगराळ भागातले तीन डोंगर एकापाठोपाठ एक चढायचे आणि उतरायचे. अंतर ६१ किलोमीटर, एकूण चढ दीड हजार मीटरच्या वर, आणि त्यातले सहा ते आठ किलोमीटर असे की भल्याभल्यांनाही सायकल चालवता येत नाही.

उंचीच्या आकड्यांवर जाऊ नका. व्हर्नसाइड ७३६ मीटर, इंगलबरो ७२३, पेनिगेंट ६९४. आपला सिंहगड यांच्या जवळपास दुप्पट उंच भरतो. पण सिंहगडाला पायवाट आहे, दगडी पायऱ्या आहेत, वर पिठलं-भाकरी आहे. इथे ओलं गवत आहे, गुडघाभर पीट, म्हणजे कुजलेल्या गवत-शेवाळाची काळी दलदल आहे आणि सप्टेंबरच्या शेवटीसुद्धा माथ्यावर असा वारा असतो की उभं राहणं मुश्कील.

ही कल्पना सुचली एका शाळकरी पोराला. १९५९ मध्ये स्किप्टनचा एक चौदा वर्षांचा मुलगा सायकल घेऊन हे तिन्ही डोंगर फिरून आला. त्यावरून १९६१ मध्ये पहिली शर्यत झाली. ती जॉन रॉन्सली यांनी जिंकली आणि पुढे कित्येक दशकं तेच ती भरवत राहिले. जिंकणाऱ्यानेच पुढे आयुष्यभर दुसऱ्यांसाठी दोऱ्या बांधायच्या, शेतकऱ्यांशी बोलायचं, कागदपत्रं करायची, हे मला फार मोठं वाटतं. या शर्यतीचा स्वभाव तिथूनच आलाय.

शेतकऱ्यांशी बोलायचं, कारण वाट त्यांच्या कुरणांतून जाते. इंगलबरोला चढण्याची सायमन फेलवरची वाट खासगी जमिनीतून जाते आणि परवानगी फक्त शर्यतीच्या दिवसापुरती असते. आधी जाऊन सराव करायचा नाही. केलात आणि सापडलात तर नाव बाद. पेनिगेंटचा वरचा भागही एरवी फक्त पायी चालणाऱ्यांचा. २००१ साली देशभर जनावरांमध्ये लाळ्या-खुरकताची साथ पसरली तेव्हा शर्यतच रद्द झाली होती. ज्यांच्या मेंढ्या त्यांचा डोंगर, हा हिशेब इथे सगळ्यांना मान्य आहे.

सायकलीबद्दल थोडं सांगते, कारण ट्रेकवाले मित्र पहिला प्रश्न तोच विचारतात: माउंटन बाइक का नाही नेत? नाही नेता येत, नियमच आहे. खाली वळलेल्या हँडलची सायक्लोक्रॉसची सायकलच लागते, आणि मला हा नियम अगदी पटतो. पुढे शॉकअप नाही, टायर बारीक, म्हणून उतारावर नजर आणि हात दोन्ही जागे ठेवावे लागतात. आणि चढावर हीच सायकल हलकी म्हणून खांद्यावर राहते. चिखलाच्या शर्यतीत आम्ही टायरमध्ये हवा अगदी कमी ठेवतो, म्हणजे पकड मिळते. इथे तसं केलं की चुनखडीच्या धारदार दगडावर रिम आपटते आणि ट्यूबला साप चावल्यासारखी दोन भोकं पडतात. म्हणून हवा जास्त. फ्रेमच्या मधल्या त्रिकोणात बाटली लावायची नाही, कारण तिथून हात घालून सायकल उचलायची असते. वरच्या नळीला मी पाण्याच्या पाइपावर चढवतात तो फोम गुंडाळला होता, टेपने घट्ट. खिशात शिट्टी, आणि थंडीत अडकलो तर अंगाभोवती घ्यायची मोठी प्लास्टिकची पिशवी. या दोन वस्तू सक्तीच्या.

हेल्विथ ब्रिजहून सकाळी शेकडो सायकली एकदम सुटल्या. सुरुवातीचा डांबरी रस्ता कसा गेला ते खरंच आठवत नाही, पुढच्या चाकाकडे बघत गेला एवढंच. मग डावीकडे शेताचं फाटक, एक ओढा, थोडा चिखल, आणि समोर सायमन फेल.

तो चढ म्हणजे उभा ठाकलेला गवताचा उतार. बाजूने तारेचं कुंपण वर गेलंय आणि त्याला धरून माणसांची रांग. सायकल उजव्या खांद्यावर, उजवा हात त्रिकोणातून घालून हँडलचं डावं टोक पकडलेलं, म्हणजे पुढचं चाक झुलत नाही. डाव्या हाताने तार नाहीतर गवत. माझ्या पुढच्या माणसाच्या बुटांचे खिळे अगदी नाकासमोर, प्रत्येक पावलाला त्यातून चिखलाचा गोळा सुटून माझ्या मनगटावर. कोणी बोलत नव्हतं. नुसते श्वास ऐकू येत होते, आणि मधूनच एखाद्या सायकलीची साखळी खडखडायची. रांगेत कोणी धक्का मारत नव्हतं. एखादा थांबला तर मागचा थांबायचा, किंवा हात लावून त्याची सायकल वर ढकलायचा. माझ्या शेजारी एक आजोबा होते, पांढरी दाढी, खांद्यावर स्पंज शिवलेला जुना लोकरी शर्ट. मी विचारलं, "तुम्ही दर वर्षी येता?" ते म्हणाले, "गुडघे येऊ देतात तोवर येतो, पोरी. तू खांदा बदलू नकोस, पावलांची लय मोडते." मी नाही बदलला.

इंगलबरोचा माथा सपाट आहे. वर कठीण वालुकाश्माची टोपी, खाली चुनखडी, आणि चुनखडीत गुहाच गुहा. याच डोंगराच्या पोटात गेपिंग गिल आहे: ओढा सरळ एका भोकात पडतो, ९८ मीटर खाली. क्लॅपम गावात गुहांमध्ये अडकलेल्यांना काढणारं स्वयंसेवकांचं पथक १९३५ पासून आहे. वर धुकं होतं. चेकपॉइंटवर मनगटाची चिप टेकवली, बीप ऐकला आणि पायथ्याच्या कोल्ड कोट्स वस्तीच्या दिशेने उतरायला लागले.

उतार मला आवडला. गवतात दडलेले दगड, अचानक येणारे खड्डे, सीटच्या मागे सरकून दोन्ही ब्रेकांवर बोटं. कोल्ड कोट्सला नवरा बाटली आणि शेंगदाण्याची चिक्की घेऊन उभा होता. इथे मदतनीस चालतात, ठरलेल्या जागी ते बाटली, खाणं, अगदी चाकसुद्धा देऊ शकतात. चिक्की अर्धी तोंडात, अर्धी खिशात.

पुढे व्हर्नसाइडकडे जाताना चॅपल-ले-डेल गावाचं छोटं चर्च रस्त्यालगतच आहे. रिबलहेडचा रेल्वेपूल १८७० च्या दशकात बांधला तेव्हा हजारो मजूर दलदलीतल्या झोपड्यांत राहत होते. अपघातात आणि साथीत इतके गेले की या चर्चची दफनभूमी वाढवावी लागली. पूल सुंदर आहे, २४ कमानी, प्रत्येक फोटोत असतो. मी मात्र तो बघते तेव्हा आधी हे चर्च आठवतं.

व्हर्नसाइडचा चढ पायऱ्यांचा, पुन्हा खांद्यावर. उतारावर दलदलीत फरशा टाकून वाट केलीय आणि पावसाचं पाणी निघून जावं म्हणून वाटेवर आडवे दगडी चर आहेत. प्रत्येक चरावरून सायकल उडवावी लागते. बाजूला कितीतरी जण उलट्या सायकली घेऊन ट्यूब बदलत बसले होते. माझंही मागचं चाक एका चराच्या कडेवर आपटलं आणि बसलं. बोटं गारठलेली, टायर रिमवरून सुटेना. एक मुलगी थांबली, आपला टायर लिव्हर, म्हणजे टायर उचकटायची पट्टी, माझ्या हातात ठेवला आणि "खाली दे" म्हणून पुढे निघून गेली. शर्यतीत होती ती. रिबलहेडला मी तो परत केला तेव्हा ती केळं खात होती. तिला घाई नव्हती असं नाही, तिला ते साहजिक वाटलं होतं.

रिबलहेडला ठरलेल्या वेळेत पोचलं नाही तर पुढे सोडत नाहीत. आम्ही वेळेत होतो.

पेनिगेंट शेवटचा, आणि मला तिघांत हाच सगळ्यांत जास्त आवडतो, कारण इथे वर जायची आणि खाली यायची वाट एकच. पायथ्याच्या हॉर्टन गावातून दगडी भिंतींमधली लांबच लांब खडकाळ गल्ली. आपण धापा टाकत चढतोय आणि समोरून पुढचे गडी सुसाट उतरतायत. पहिला येणारा साधारण तीन तासांत संपवतो. रॉब जेब हा डोंगरधावक ही शर्यत दहापेक्षा जास्त वेळा जिंकलाय, आणि ते नवल नाही. इथे ज्याला चढ पळता येतो तोच पुढे जातो. मी चढत होते तेव्हा पहिले आलेले कधीच घरी निघाले असणार. पण उतरणारा प्रत्येक जण, प्रत्येक जण, दात आवळलेल्या तोंडाने काहीतरी ओरडत होता: चल, वर वारा कमी आहे, शेवटचा चढ, शाब्बास. भिंतीवर बसलेल्या बायका गळ्यात गाईच्या घंटा अडकवून वाजवत होत्या. एक लहान मुलगा जेली बेबी नावाच्या मऊ गोळ्या वाटत होता. मी एक लाल घेतली.

माथ्यावरून ढग फाटले आणि इंगलबरो आणि व्हर्नसाइड दोन्ही समोर दिसले, आपण जिथून आलो ती सगळी वाट. तिथे मी थांबले. घड्याळ चालू होतं, तरी थांबले.

हेल्विथ ब्रिजला परत पोचायला पाच तासांच्या थोडं वर वेळ लागला. खांद्यावर नळीच्या जाडीचा निळा वळ उठला होता.

इंग्लंडात राहणाऱ्या कोणाला करून बघायची असेल तर आधी एक हंगाम प्रादेशिक लीगच्या साध्या शर्यती करा. नवख्यांनाही तिथे कोणी हटकत नाही. खांद्यावर सायकल घेऊन जिने चढायचा सराव मात्र आतापासूनच. आणि नुसतं बघायला यायचं असेल तर रिबलहेडचा पूल सोडा, पेनिगेंटच्या गल्लीत या. सगळे दोनदा दिसतात, आणि चिक्की आणलीत तर घेणारे पुष्कळ भेटतील.